फ्रंट ऑफिस खोली-खोलीनं बघा: बेसबॉलच्या नवख्या चाहत्यांसाठी

२०१८च्या जानेवारीत पिट्सबर्ग पायरेट्सनी दोन दिवसांच्या अंतरानं आपले दोन मोठे खेळाडू देऊन टाकले. १३ तारखेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, गेरिट कोल ह्यूस्टनला गेला, १५ तारखेला अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. मॅककचन म्हणजे या गावाचा लाडका. वीस वर्षं हरत आलेल्या संघाला त्यानं मान वर करून चालायला लावलं होतं. त्या आठवड्यात पिट्सबर्गमध्ये घरातलं माणूस गेल्यासारखं वाटत होतं. पुढे ३१ जुलैला टँपा बे रेजकडून ख्रिस आर्चर हा नावाजलेला पिचर आला, तेव्हा तीच माणसं खूश झाली. आपल्या फ्रंट ऑफिसनं, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या मंडळींनी, अखेर जिंकायचं मनावर घेतलं, असं जो तो म्हणत होता.

आज हिशेब मांडला तर तो नेमका उलटा लागतो. ज्याचं सगळ्यात जास्त दुःख झालं, तो मॅककचनचा सौदा उत्तम ठरला. ज्याचा आनंद झाला, तो आर्चरचा सौदा संघाला सगळ्यात महागात पडला. ऑफिस तेच, माणसं तीच, वर्षही तेच.

अमेरिकेत नव्यानं आलेली आपली मंडळी पहिल्या उन्हाळ्यात बेसबॉलला बुजतात, दुसऱ्या उन्हाळ्यात एखादा संघ धरतात, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात मला विचारतात, "ताई, आमच्या संघाचा कारभार चांगला आहे की वाईट, हे ओळखायचं कसं?" पिट्सबर्गचा संघ इतकी वर्षं जीव लावून बघितल्यावर माझं उत्तर एवढंच आहे: फ्रंट ऑफिसला एकच मार्क देऊ नका. तो एक मोठा वाडा आहे. एका खोलीत दिवा जळत असतो आणि शेजारच्याच खोलीत अंधार असतो. प्रत्येक खोलीत डोकावायला शिका. कसं, ते पिट्सबर्गचंच उदाहरण घेऊन सांगते.

पायरी १: कोण काय काम करतं?

'मॅनेजर' या शब्दानं आपण हमखास फसतो. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे संघाचा गणवेश घालून डगआउटमध्ये उभा असलेला माणूस. आज कोण खेळणार, पिचर कधी बदलायचा, हे त्याचं काम. खेळाडू आणायचे कुठून, कुणाला किती वर्षांचा करार द्यायचा, कुणाला सोडायचं, हे ठरवतो जनरल मॅनेजर किंवा त्याच्याही वर बसलेला बेसबॉल ऑपरेशन्सचा अध्यक्ष. आयपीएलच्या लिलावात टेबलाशी बसलेली मंडळी डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की त्यांचा लिलाव एक-दोन दिवसांत आटोपतो, आणि इथली मंडळी वर्षभर त्याच टेबलाशी असतात. शिवाय प्रत्येक संघाच्या पोटात धाकट्या संघांची उतरंड असते. पायरेट्सची पोरं ब्रेडेंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना, इंडियानापोलिस अशा पायऱ्या चढत पिट्सबर्गला पोचतात.

या सगळ्यांच्या वर मालक. पिट्सबर्गमध्ये २००७पासून बॉब नटिंग अध्यक्ष आहेत, आणि खेळाडूंच्या पगारावर होणाऱ्या खर्चात हा संघ ३० संघांच्या यादीत बहुतेक वेळा खालच्या बाजूला असतो. थैलीचं तोंड किती उघडायचं, हे मालक ठरवतो. म्हणून ऑफिसला विचारायचा प्रश्न असा: हातात दिलेल्या पैशांत तुम्ही काय केलंत? पैसा कमी म्हणून ऑफिसला शिव्या देणं चूक. पण पैसा कमी होता म्हणून त्याची प्रत्येक चूक पदरात घेणंही चूकच.

वहीच्या पहिल्या पानावर आपल्या संघाच्या जनरल मॅनेजरांची नावं आणि त्यांची वर्षं लिहा. पिट्सबर्गचं पान असं आहे: सप्टेंबर २००७पर्यंत डेव्ह लिटलफील्ड, तिथून २०१९च्या ऑक्टोबरपर्यंत नील हंटिंग्टन, नोव्हेंबर २०१९पासून बेन चेरिंग्टन. या पानाचा उपयोग पुढे पदोपदी होतो. मॅककचन २०१३ साली नॅशनल लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या ३० संघांच्या दोन गटांपैकी एकाचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला, ते हंटिंग्टनच्या काळात. पण त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ दरवर्षी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथे, निवडलं होतं २००५ साली, म्हणजे लिटलफील्डच्या काळात. मग श्रेय कुणाचं? निवडीचं आधीच्या माणसांचं. त्याला वाढवण्याचं आणि २०१२च्या मार्चमध्ये ५ कोटी १५ लाख डॉलरच्या सहा वर्षांच्या करारानं बांधून ठेवण्याचं नंतरच्यांचं. झाड लावणारा आणि पाणी घालणारा, दोघांची नोंद वेगवेगळी ठेवा.

पायरी २: घड्याळ वाचायला शिका

ही पायरी ओलांडून पुढे गेलात तर बाकीचं काहीच उमगणार नाही, म्हणून इथे जरा थांबू या.

मेजर लीगमध्ये खेळाडूच्या नोकरीचे दिवस मोजले जातात. १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. साधारण पहिली तीन वर्षं संघ त्याला किमान पगाराच्या आसपास ठेवू शकतो. २०२४मध्ये हा किमान पगार ७ लाख ४० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशनची, म्हणजे पगारावर एकमत झालं नाही तर लवाद आकडा ठरवतो. सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट होतो, आणि हवं तिथे जाऊ शकतो.

यातून एक साधी गोष्ट निघते. चांगला तरुण खेळाडू हा या खेळातला सगळ्यात स्वस्त माल आहे आणि तिशी ओलांडलेला फ्री एजंट सगळ्यात महाग. कमी पैशांच्या संघाला तरुण पोरं सतत पिकवत राहावी लागतात. एखादा मोठा खेळाडू पाचव्या-सहाव्या वर्षात आला की त्याच्या ट्रेडच्या, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदलीच्या, बातम्या का सुरू होतात, ते या घड्याळावरून कळतं. कोलच्या हातात दोन वर्षं उरली होती, मॅककचनच्या हातात एक.

घड्याळाशी खेळणारी ऑफिसंही असतात. शिकागो कब्जनी २०१५ साली क्रिस ब्रायंटला हंगाम सुरू झाल्यावर, १७ एप्रिलला वर बोलावलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी पडला आणि संघाला त्याचं आणखी एक वर्ष मिळालं. ब्रायंटनं तक्रार केली, ती तो २०२०मध्ये हरला. नियमात बसत असलं तरी मला हे पटत नाही. आपण राबतो त्या दिवसांची मोजणी कुणीतरी मुद्दाम एकानं कमी केली, हे खेळाडू विसरत नाही. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या २०२२च्या करारात यावर थोडा उपाय झाला. पायरेट्सनी पॉल स्कीन्सला ११ मे २०२४ला वर आणलं, म्हणजे दिवस पुरे भरणार नव्हतेच. पण तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि नव्या नियमानं त्याला पूर्ण वर्षाचं श्रेय मिळालं.

घड्याळाचा दुसरा काटा म्हणजे ४० जणांची यादी. मैदानावरच्या संघात २६ जण, पण संघाच्या खास हक्काचे ४०. मायनर लीगमध्ये, म्हणजे धाकट्या संघांत, चार-पाच हंगाम काढलेला पोरगा या यादीत घेतला नाही, तर डिसेंबरच्या 'रूल फाइव्ह' ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला १ लाख डॉलर भरून उचलू शकतो. अट अशी की पुढचा अख्खा हंगाम त्याला मुख्य संघात ठेवायचं. नोव्हेंबरच्या मध्यावर ही यादी ठरते आणि बातमी चार ओळींची येते. पण ऑफिसला आपल्याच घरातली पोरं किती ओळखता येतात, ते या चार ओळींतून जितकं कळतं तितकं कोणत्याही पत्रकार परिषदेतून कळत नाही.

पिट्सबर्गचा सगळ्यात मोठा खेळाडू याच वाटेनं आला, तेव्हाचे नियम थोडे वेगळे असले तरी. १९५४ साली ब्रुकलिन डॉजर्सनी रॉबर्टो क्लेमेंटे नावाचा पोर्टो रिकोचा तरुण आपल्या मॉन्ट्रियलच्या मायनर लीग संघात ठेवला होता. शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या पायरेट्सना त्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळाला आणि त्यांनी त्याला उचललं. त्या वेळी पिट्सबर्गचं ऑफिस ब्रांच रिकी चालवत होते, आणि त्याआधी ब्रुकलिनचं ऑफिसही त्यांनीच चालवलं होतं. पुढे क्लेमेंटेच्या नावावर बरोबर ३,००० हिट लागल्या. आज मॅचच्या दिवशी मैदानाकडे जाणारा त्याच्या नावाचा पिवळा पूल गाड्यांना बंद असतो आणि आपण चालत जातो.

पायरी ३: गुणतक्ता वाचा, पण त्यावर विसंबू नका

ही पायरी लहान आहे. संघानं केलेले रन आणि दिलेले रन शोधा. केलेल्या रनांचा वर्ग करा, त्याला दोन्ही वर्गांच्या बेरजेनं भागा, १६२नं गुणा. संघानं साधारण किती मॅचेस जिंकायला हव्या होत्या, ते येतं. सिअॅटल मरिनर्सनी २०२१मध्ये ९० मॅचेस जिंकल्या, पण त्यांचे रन होते ६९७ आणि दिलेले ७४८. या हिशेबानं ७५च्या आसपास विजय निघतात. उरलेल्या पंधरा विजयांत बरंच नशीब होतं. पुढच्या वर्षी पुन्हा ९०च विजय मिळाले, पण त्या वेळी रनांचा फरक त्यांच्या बाजूनं होता. बाहेरून दोन्ही वर्षं सारखी दिसतात, आतून नाहीत.

ऑक्टोबरमधल्या बाद फेरीवरून तर ऑफिसची परीक्षा घेऊच नका. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं हरण्यात गेल्यावर पायरेट्सनी २०१३, १४ आणि १५ मध्ये मिळून २८० मॅचेस जिंकल्या. २०१५मध्ये ९८ विजय होते, अख्ख्या मेजर लीगमध्ये त्यांच्यापेक्षा जास्त फक्त सेंट लुईसचे. त्यांचा पूर्ण हंगाम शिकागोच्या जेक अॅरिएटानं एका संध्याकाळी ४-० असा संपवला. त्या रात्री जे हरलं ते वाईट ऑफिस नव्हतं.

पायरी ४: ट्रेडची वही ठेवा

मोठा ट्रेड झाला की त्याच दिवशी वहीत चार ओळी लिहा. आपण कुणाची किती वर्षं दिली? कुणाची किती वर्षं घेतली? आज जाणकार काय म्हणताहेत? आणि मला स्वतःला काय वाटतं? मग वही मिटा आणि तीन वर्षांनी उघडा. त्या दिवशी लिहिलं नाही तर नंतर आपण स्वतःशीच खोटं बोलतो, 'मला तेव्हाच वाटलं होतं' म्हणतो. सौदा चुकला की निकाल चुकला, हे वेगळं करायचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

आता सुरुवातीचे तीन सौदे याच पद्धतीनं बघू.

मॅककचनचं एक वर्ष दिलं. त्याबदल्यात पिचर काइल क्रिक आला आणि ब्रायन रेनल्ड्स नावाचा एक पोरगा आला, जो मेजर लीगमध्ये अजून एकही मॅच खेळला नव्हता. २०१९मध्ये रेनल्ड्सनं ०.३१४च्या सरासरीनं बॅटिंग केली. पुढे तो दोनदा ऑल-स्टार झाला, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंत गणला गेला, आणि २०२३च्या एप्रिलमध्ये त्यानं आठ वर्षांचा, १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरचा करार केला. पायरेट्सच्या इतिहासात तोवर एवढा मोठा करार कुणालाच मिळाला नव्हता. उत्सवमूर्ती निघून गेल्याच्या दुःखात आम्हाला हा पोरगा दिसलाच नव्हता.

कोलची दोन वर्षं दिली आणि चार खेळाडू घेतले: जो मस्ग्रोव्ह, कॉलिन मोरान, मायकल फेलिझ, जेसन मार्टिन. वर्षांच्या हिशेबात सौदा वाईट नाही. पण मला तेव्हाही वाटलं होतं आणि वहीत तसं लिहिलेलं आहे, की लगेच मैदानावर उतरवता येतील असे चार ठीकठाक घेण्यापेक्षा एक खूप मोठा होऊ शकेल असा घ्यायला हवा होता. तरी हा सौदा अजून पूर्ण संपलेला नाही, हे लक्षात घ्या. मस्ग्रोव्ह २०२१च्या जानेवारीत सॅन डिएगोला गेला, त्यातून आलेल्यांत पिट्सबर्गच्या शेजारच्या गावचा डेव्हिड बेडनार होता. तो २०२२ आणि २०२३ला ऑल-स्टार झाला आणि २०२५च्या जुलैत यांकीजकडे गेला. तिकडून पुन्हा पोरं आली. एका सौद्याला अशा फांद्या फुटत राहतात. वहीत त्या काढून ठेवल्या, तर पहिल्या दिवशीच्या मथळ्यापेक्षा कितीतरी खरं चित्र दिसतं.

आणि आर्चर. त्या जुलैत पायरेट्सनी सलग ११ मॅचेस जिंकल्या होत्या. आर्चर २९ वर्षांचा, करार स्वस्त आणि २०२१पर्यंतचा. भूक समजण्यासारखी होती. बदल्यात गेले २४ वर्षांचा पिचर टायलर ग्लासनाऊ, २३ वर्षांचा बॅटर ऑस्टिन मेडोज, आणि काही दिवसांनी १९ वर्षांचा शेन बाझ, ज्याला वर्षभरापूर्वीच पहिल्या फेरीत निवडलं होतं. २०१९मध्ये आर्चरचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्समागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन, होता ५.१९. त्याच वर्षी टँपात ग्लासनाऊचा १.७८, आणि मेडोज ३३ होमरन मारून ऑल-स्टार. २०२०मध्ये आर्चर शस्त्रक्रियेमुळे खेळलाच नाही आणि हंगाम संपल्यावर संघानं त्याला मोकळं केलं.

यात एक जुना धागाही आहे. २०१२च्या ड्राफ्टमध्ये पायरेट्सनी आठव्या क्रमांकावर मार्क अॅपल या पिचरला निवडलं, त्यानं सही केली नाही. भरपाई म्हणून पुढच्या वर्षी नववा क्रमांक मिळाला आणि त्यावर आला हाच मेडोज. अॅपल त्याच वर्षी ह्यूस्टनच्या हाताला पहिल्या क्रमांकावर लागला, पण ह्यूस्टनकडून तो मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. म्हणजे हुकलेल्या सहीतून पिट्सबर्गच्या पदरात सोनं पडलं होतं. ते आर्चरसाठी देऊन टाकलं.

पायरी ५: आलेल्याचं काय झालं, गेलेल्याचं काय झालं?

एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर ही बघा. माझा सगळ्यात जास्त विश्वास या खोलीवर आहे.

२०११चा ड्राफ्ट आठवून बघा. पायरेट्सनी पहिल्या क्रमांकावर कोल घेतला, दुसऱ्या फेरीत जॉश बेल, पाचव्या फेरीत ग्लासनाऊ. पाचव्या फेरीत ग्लासनाऊ सापडणं म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या स्काउट मंडळींनी केलेली कमाल होती. तरीही कोलचं पिट्सबर्गमधलं शेवटचं वर्ष १२ विजय, १२ पराभव आणि ४.२६ ईआरए असं गेलं. ह्यूस्टनला गेल्यावर पहिल्याच हंगामात ईआरए २.८८, आणि २०१९मध्ये ३२६ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर. ग्लासनाऊची गत वर सांगितलीच. चार्ली मॉर्टनही पिट्सबर्ग सोडल्यावर काही काळानं ह्यूस्टनमध्ये बहरला. एक खेळाडू बाहेर जाऊन फुलला तर तो योगायोग असू शकतो. तीन पिचर फुलले तर खोट घरातल्या मातीत शोधायची.

ही माती नेहमीच खराब नव्हती. २०१३च्या आसपास पिट्सबर्गची पिचिंगची खोली इतरांनी बघायला यावी अशी होती. सिंकर हा खाली बसणारा चेंडू टाकायचा, बॅटरला जमिनीलगत मारायला लावायचं, आणि आकडेवारी बघून क्षेत्ररक्षक नेमके तिथेच उभे करायचे. बॅटरच्या मागे कॅचर रसेल मार्टिन. त्याला दोन वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलर दिले होते. काठावरचा चेंडू तो असा झेलायचा की अंपायर स्ट्राइक देऊन, म्हणजे चेंडू पिचरच्या बाजूनं धरून, मोकळा व्हायचा. या कलेची किंमत तेव्हा बाजाराला पुरती कळली नव्हती, पिट्सबर्गला कळली होती. इतरांनी टाकून दिलेले ए. जे. बर्नेट, फ्रान्सिस्को लिरियानो, एडिन्सन वोल्केझ इथे येऊन पुन्हा उभे राहिले. निवड, शिकवण, क्षेत्ररचना, सगळं एका सुरात होतं.

मग बॅटर शिकले. खाली बसणारा चेंडू उचलून मारायला लागले. ह्यूस्टन आणि टँपानं ओळखलं की आता वेगवान चेंडू उंच टाकायला हवा, वळणारे चेंडू वाढवायला हवेत. पिट्सबर्ग मात्र आपल्या जुन्या यशाला धरून बसलं. म्हणून एखाद्या ऑफिसची पद्धत पाच वर्षांपूर्वी हुशारीची होती, एवढ्यावर थांबू नका. ती शेवटची कधी बदलली, ते शोधा.

हे बघायचं कसं? बेसबॉल-रेफरन्सवर प्रत्येक खेळाडूच्या पानावर तो कधी कुठून कुठे गेला ते असतं. फॅनग्राफ्सवर करार आणि नोकरीचे दिवस मिळतात. बेसबॉल सॅव्हंटवर पिचर कोणता चेंडू किती वेळा टाकतो, ते वर्षागणिक दिसतं. गेल्या चार-पाच वर्षांत आपल्याकडे आलेले दहा जण आणि आपल्याकडून गेलेले दहा जण घ्या, आधीची दोन वर्षं आणि नंतरची दोन वर्षं शेजारी मांडा. वय आणि दुखापती बाजूला लिहा. एक रविवार पुरतो.

पिचर आणि बॅटर वेगवेगळे मांडायला मात्र विसरू नका. २०२५मध्ये स्कीन्सचा ईआरए १.९७ होता आणि त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, तरी त्याच्या नावावर १० विजय आणि १० पराभव. कारण त्याच्या मागे उभा असलेला संघ रन करण्यात तळाशी होता. म्हणजे २०१८मध्ये पिचिंगच्या खोलीत अंधार होता. आता तिथे दिवा आहे आणि अंधार बॅटिंगच्या खोलीत गेलाय. स्कीन्सचं सगळं श्रेयही ऑफिसच्या शिकवणीला देऊ नका. तो लुइझियाना स्टेट विद्यापीठातून जवळजवळ तयार होऊनच आला होता. ड्राफ्टच्या सोडतीत पहिला क्रमांक लागला आणि ऑफिसनं योग्य माणूस निवडून ९२ लाख डॉलर दिले, एवढं श्रेय नक्की त्यांचं.

पायरी ६: पोरं कुठून शोधतात

ड्राफ्टमधल्या पहिल्या निवडीवरून परीक्षा सोपी असते, म्हणून ती फसवी असते. तिसऱ्या फेरीच्या पुढे कोण सापडलं, आणि लॅटिन अमेरिकेतून सोळा-सतरा वर्षांची कोणती पोरं आली, ते बघा. दुसऱ्यांच्या मायनर लीगमधून आपण कुणाला हेरतो, तेही बघा. पायरेट्सचा ओनील क्रूझ असाच आला: २०१७च्या जुलैत करार संपत आलेला पिचर टोनी वॉटसन डॉजर्सना दिला आणि बदल्यात मायनर लीगमधला हा उंचापुरा पोरगा मागून घेतला.

आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. उत्तर प्रदेशातले हे दोन भालाफेकपटू वेगवान चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून पुढे आले आणि नोव्हेंबर २००८मध्ये पायरेट्सनी त्यांना करार दिला. दोघांपैकी कुणीही मेजर लीगपर्यंत पोचलं नाही. पण मी ही निवड ऑफिसच्या जमेच्या बाजूला लिहिते. गमावण्यासारखं फार थोडं होतं, आणि जिथे कुणी बघत नव्हतं तिथे जाऊन बघायची तयारी दाखवली होती. रिंकूनं मायनर लीगमध्ये घाम गाळला, ते बघून मला मनापासून अभिमान वाटायचा.

पायरी ७: पैसा

न्यूयॉर्क मेट्सनी २०२३मध्ये पगारावर सुमारे ३५ कोटी डॉलर लावले आणि ७५ मॅचेस जिंकल्या. टँपा बे रेजनं त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पैशांत २०२१मध्ये १०० जिंकल्या. म्हणून पैसा निरुपयोगी आहे असं नाही. मेट्सनी त्याच उन्हाळ्यात शेर्झर आणि व्हर्लँडर हे महागडे म्हातारे पिचर दुसऱ्यांना दिले, त्यांच्या पगाराचा मोठा वाटा स्वतः भरला आणि बदल्यात चांगली तरुण पोरं घेतली. चुकलेला खर्च ओळखून लगेच वाट बदलणं हेही चांगल्या कारभाराचंच लक्षण.

करार वाचताना स्वतःला विचारा, हे पैसे खेळाडूनं काल केलेल्या कामाचे आहेत की उद्या करायच्या? आणि इथेही निकालावर जाऊ नका. २०२२मध्ये पायरेट्सनी तिसऱ्या बेसवरच्या केब्रायन हेजला आठ वर्षांचे ७ कोटी डॉलर दिले. क्षेत्ररक्षणात तो अप्रतिम, वय २५, सौदा त्या दिवशी शहाणपणाचा होता. पुढे पाठीनं त्रास दिला, बॅट चाललीच नाही, आणि २०२५च्या जुलैत तो सिनसिनाटीला गेला. माझ्या वहीत त्या कराराला अजूनही चांगले गुण आहेत.

पायरी ८: माणसं

दुसरे संघ कुणाच्या घरची माणसं मागून नेतात, ते बघा. टँपाचा अँड्र्यू फ्रीडमन २०१४मध्ये डॉजर्सनी नेला, चेम ब्लूम २०१९मध्ये बॉस्टननं, जेम्स क्लिक २०२०मध्ये ह्यूस्टननं, पीटर बेंडिक्स २०२३मध्ये मायामीनं. बाजार यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र देत नाही. आणि एवढी माणसं गेल्यावरही घर चालत राहिलं, हे आणखी मोठं.

ह्यूस्टनचं उदाहरण इथे दुसऱ्या बाजूनं येतं. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत १०६, १०७ आणि १११ पराभव सोसून त्यांनी संघ उभा केला आणि २०१७ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकली. खेळाडू घडवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच संघानं त्याच हंगामात प्रतिस्पर्धी कॅचर पिचरला करतो त्या खुणा कॅमेऱ्यावरून चोरल्या. जानेवारी २०२०मध्ये शिक्षा झाली: ५० लाख डॉलर दंड, दोन वर्षांच्या ड्राफ्टच्या पहिल्या दोन फेऱ्या जप्त, जनरल मॅनेजर जेफ लूनो आणि मॅनेजर ए. जे. हिंच यांना वर्षभराची बंदी, आणि मालकानं दोघांनाही काढलं. कामात इतक्या हुशार असलेल्या ऑफिसला आपल्याच घरात काय चाललंय ते थांबवता आलं नाही. मी ही खोली शेवटी बघते, पण तिथे अंधार असला तर बाकीच्या दिव्यांचं मला कौतुक वाटत नाही.

वही कधी उघडायची?

जुलैत ड्राफ्टच्या वेळी, आणि जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येणाऱ्या ट्रेडच्या मुदतीला. नोव्हेंबरच्या मध्यावर ४०च्या यादीला. डिसेंबरमधल्या हिवाळी बैठकांना. जानेवारीत आर्बिट्रेशनचे आकडे आणि परदेशी पोरांच्या सह्या येतात तेव्हा. मधल्या काळात मॅचेस बघा, कारण शेवटी हे सगळं त्यासाठीच आहे. आणि मॅनेजर बदलला म्हणून कारभार बदलला असं समजू नका. २०२५च्या मे महिन्यात पायरेट्सनी डेरेक शेल्टनला काढून डॉन केलीला आणलं, पण वरच्या मजल्यावर चेरिंग्टन तसेच राहिले. त्या पानावर मी नवीन नाव लिहिलं नाही.

माझ्या वहीत सध्या उघडं असलेलं पान स्कीन्सचं आहे. २०२६चा हंगाम धरून त्याची स्वस्तातली तीन वर्षं भरतात, २०२७पासून आर्बिट्रेशन लागतं, आणि २०२९ संपला की तो मोकळा. त्या पानावर तीन प्रश्न लिहून ठेवलेत. तोवर त्याच्यामागे रन करणारे बॅटर या घरात तयार होतात की बाहेरून आणतात? त्याला करारानं बांधायचा खरा प्रयत्न होतो का, आणि मालक थैली किती उघडतो? आणि कोलसारखा दिवस आलाच, तर या वेळी बदल्यात चार ठीकठाक मागतात की एक रेनल्ड्स? उत्तरांसाठी खाली जागा सोडली आहे.